डाएटिशियन मॅडम, तुम्ही आधी ऑपरेशन कुठलं ते विचारलंत

आदरणीय मॅडम,

नाव छापू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं 'मॅडम'. परळच्या त्या ओपीडीत तुमच्या टेबलासमोर जे बसलेत त्यांना बरोबर कळेल.

वजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईचं वजन परत वाढायला लागलं की तिला बोलायचा हक्क सगळ्यांनाच मिळतो. दादरला एका लग्नात माझ्या ताटाकडे बघून एक काकू म्हणाल्या, "एवढे लाख घातलेस आणि परत जिलबी?" (जिलबी वाढप्याने न विचारता टाकली होती, पण असो.) माझे ४१ किलो उतरले होते, त्यातले १४ परत आले होते. तुमच्याकडेही असंच काहीतरी ऐकावं लागणार, असं धरूनच आले होते. तुम्ही विचारलंत, "स्लीव्ह, बायपास की बँड?" माझं स्लीव्ह. किती खाता, हे फार नंतर आलं.

त्या प्रश्नाबद्दल आभार. तोवर ही तीन ऑपरेशनं वेगळी आणि त्यांच्यानंतर वजन परत यायच्या वाटाही वेगळ्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक कशी ती लागत नाही. पुढे नळी थोडी सैलावते, भूकही परतते. बायपासमध्ये जठराची इवलीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. गोड खाल्लं की बऱ्याच जणांना घाम, धडधड, चक्कर. माझ्या वन्संचं बायपास झालंय, त्या भीतीनेच त्या श्रीखंडाला हात लावत नाहीत. पण तो जोडही काही जणांत कालांतराने रुंदावतो. बँड म्हणजे जठराभोवती बसवलेलं कडं. ते सरकलं किंवा काढावं लागलं की वजनाला मोकळं रान. आता ते फारसं कुणी बसवतही नाही.

केसपेपरच्या मागे तुम्ही स्वीडनच्या मोठ्या अभ्यासातले आकडे लिहून दिलेत. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. बँडवाल्यांची २० वरून १४ वर. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासची समोरासमोर तुलना झाली. दहा वर्षांनी बायपास थोडं पुढे, आणि छातीत जळजळ स्लीव्हवाल्यांना जास्त. म्हणजे थोडंफार वजन बहुतेकांचं परत येतं. उतरलेलं वजन शरीराला मान्यच नसतं, ते ऊर्जा कमी जाळतं आणि भूक वाढवतं. काकूंना हा कागद दाखवायची फार इच्छा आहे.

खाण्याचा विषय तुम्ही काढलात तोही माझ्याच स्वयंपाकघरातून. जेवताना पोट दोन घासांत भरतं, पण चहात बुडवलेली बिस्किटं, संध्याकाळचा चिवडा, आइस्क्रीम हे घशाखाली घसरत जातं, नळीत थांबतच नाही. म्हणून ताटात आधी उसळ, अंडं, पनीर किंवा मासे, भात शेवटी आणि पाणी जेवणासोबत नाही. चिवड्याचा डबा माळ्यावर गेलाय. घरचे अजून रुसलेत.

आणखी एक. मी दुसऱ्या ऑपरेशनच्या गोष्टी करत आले होते, तुम्ही घाई करू दिली नाहीत. आधी थायरॉइड, मग चालू असलेल्या गोळ्यांपैकी कुठली वजन वाढवते का ते, मग सर्जनकडून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी. जळजळ औषधांनी आटोक्यात आली नाही तर स्लीव्हचं बायपास करता येतं, हेही सांगितलंत. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल मी विचारलं. २०२५ मध्ये ती वजनासाठी आपल्याकडे आल्यापासून आमच्या लेडीज डब्यात दुसरा विषय नाही. तुम्ही म्हणालात, ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही डॉक्टर ती देतात, पण बंद केली की वजन बहुधा परत चढतं, तेव्हा खर्चाचा हिशेब लांबचा धरा. इतकं सरळ मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता पाच किलो उतरलेत. बाकीचे उतरतील न उतरतील. शुगरची गोळी अजून बंद आहे आणि लोकलचा जिना मी न थांबता चढते.

वन्संना पुढच्या गुरुवारी घेऊन येते. बायपासनंतर त्यांनी बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या परस्पर सोडल्यात, आता पायाला मुंग्या येतात म्हणतात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. रक्ताचे रिपोर्ट आधी काढून आणू का, तेवढं कळवा.

तुमची,
गिरगावची स्लीव्हवाली