प्लॅटर पाहिला, बुश राहिला

मा. संपादक, स. न.

रविवार पुरवणीतला महागड्या टर्नटेबलांवरचा, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रांवरचा, लेख वाचला. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, किती किलोचा, त्याचे पॉलिश कसे आरशासारखे, खालचे लाकूड कोणते, हे सगळे लेखकाने हौसेने सांगितले. बेअरिंगच्या वाट्याला मात्र दोनच शब्द आले: ‘अचूक बेअरिंग’. माझी ३१ वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारे-साचे घडवणाऱ्या विभागात, गेली, त्यातली बरीचशी ग्राइंडरवर. त्यामुळे हे दोन शब्द टोचले.

प्लॅटर चकचकीत करणे त्या मानाने सोपे. कस लागतो तो त्याच्या खालच्या बोटाएवढ्या स्पिंडलला आणि स्पिंडल ज्यात फिरतो त्या ब्राँझच्या नळीला, म्हणजे बुशला. बेअरिंग म्हणजे हीच जोडी. स्पिंडल कडक करून ग्राइंड करायचा, मग लॅपिंग, म्हणजे बारीक पूड लावून घासून गुळगुळीत करणे. बुश त्याच्याच मापाला जुळवून काढायचा. मधली फट काही मायक्रॉनांची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तीही तेलाने भरलेली. माझ्याकडच्या जुन्या टर्नटेबलचा स्पिंडल मी पुसून, तेलाचे दोन थेंब घालून परत बुशमध्ये सोडतो, तेव्हा तो धपकन पडत नाही. खाली कोंडलेली हवा त्या फटीतून सुटेपर्यंत तरंगत राहतो आणि सावकाश तळाच्या छर्ऱ्यावर टेकतो. हे बघायला मी दरवेळी चष्मा लावून बसतो. घरचे हसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? हलक्या स्वराची रेकॉर्डच्या खाचेतली वळणे एका मायक्रॉनहूनही लहान असतात. स्पिंडल बुशमध्ये जरा खडखडला की सुई तेही इमानाने वाचते. गाणे कोणते आणि खडखड कोणती, हे तिला कुठे कळते! प्लॅटरच्या वजनाला अर्थ नाही असे मी म्हणत नाही. मोटारचे बारीक धक्के ते पचवते. पण ते सगळे वजन शेवटी त्या एका छर्ऱ्याच्या टोकावर येते, आणि तिथले काम कच्चे असेल तर जड प्लॅटरने उलट झीजच वाढते.

सुई धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, हे तर घड्याळजीचे काम. ब्रिटनमधली एसएमई ही कंपनी आधी हौशी मॉडेलवाल्यांसाठी बारीक सुटे भाग करायची. मालक अॅलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांना स्वतःसाठी चांगला आर्म हवा होता, म्हणून त्यांनी तो घडवला आणि १९५९मध्ये विकायला काढला. वर-खाली हालण्यासाठी त्यात बेअरिंग नव्हते, तराजूच्या दांडीखाली असते तशी सुरीधार होती.

बेअरिंगवाल्या आर्मशी मी स्वतः एकदा आगाऊपणा केला. आर्म ज्यावर फिरतो त्या पिव्होटचा स्क्रू ‘थोडा’ आवळला; फार तर अष्टमांश फेरा. छर्ऱ्यांचे त्यांच्या बसायच्या वाटीत वण पडले. मग रेकॉर्ड निम्म्यावर आली की आर्म किंचित अडायचा आणि सुई तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. बोटाने हलवून बघितले तर काहीच जाणवत नव्हते. टूलरूमचा माणूस म्हणवतो आणि स्क्रूड्रायव्हरला हात आवरला नाही.

लेखात राहून गेलेली आणखी एक गोष्ट रेकॉर्डच्या भोकाची. भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडले, तर केंद्रापासून १०० मिलिमीटरवर वेग अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर लांबवलेला सूर दर १.८ सेकंदाला डुलताना ऐकू येतो. नाकामिची कंपनीने १९८०च्या दशकात अशी रेकॉर्ड मोजून तिला सरकवून मध्यावर आणणारे टर्नटेबल काढले होते. त्याला मी मनापासून सलाम करतो. नुसत्या वजनाच्या प्लॅटरला या डुलण्यापुढे काही करता येत नाही, तो तितक्याच स्थिरपणे चुकीचा सूर वाजवतो.

जाता जाता एक दुरुस्ती. फोटोखाली ‘सुईवरील वजन १२० ग्रॅम’ असे छापले आहे. ते आर्मच्या मागच्या प्रतिभाराचे वजन असावे. सुईवर साधारण दीड ते दोन ग्रॅम भार असतो. १२० आला तर रेकॉर्ड खरवडून निघेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम ग्राइंडर