सॅम स्नीडविषयी तुझ्या प्रश्नाचे उत्तर

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, की ज्याला यूएस ओपन ही गोल्फमधली प्रमुख स्पर्धा एकदाही जिंकता आली नाही, त्या अमेरिकी गोल्फपटू सॅम स्नीडला मी एवढा का मानतो. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही आणि ती रुखरुख मनात राहिली, म्हणून हे पत्र.

स्नीडचा जन्म १९१२ सालचा, व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्जजवळच्या डोंगराळ भागातला. घरची परिस्थिती बेताची होती, म्हणून झाडाच्या फांद्या तासून त्याने आपले पहिले क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, बनवले, आणि जो स्विंग पुढे जगाने डोळे भरून पाहिला तो कोणत्याही गुरूविना कमावला. १९३६ ते १९६५ या काळात त्याने पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, ८२ विजय मिळवले. त्या आकड्याची बरोबरी व्हायला २०१९ साल आणि टायगर वुड्स यावा लागला.

आता तुझ्या यूएस ओपनकडे येतो. १९३९ साली फिलाडेल्फियात शेवटच्या होलवर त्याला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेले पाच फटके, विजयासाठी पुरेसे होते. परंतु त्या काळी मैदानावर गुणफलक नसत, मागून येणाऱ्यांचे आकडे कळत नसत, आणि आपल्याला बर्डीच, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, हवी असा त्याचा समज झाला. त्याचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, डावीकडच्या गवतात गेला. तिथून त्याने लांब पल्ल्याचा लाकडी क्लब काढला आणि चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, घातला. तिसरा फटका बंकरच्या काठातच रुतला, चौथा दुसऱ्या बंकरमध्ये पडला, पाचव्याला चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, आला आणि तिथे आणखी तीन पट, म्हणजे चेंडू होलात घालायचे हलके फटके, लागले. एकूण आठ. आकडा कळला नाही यात मी त्याला दोष देणार नाही. वाईट जागी पडलेल्या चेंडूवर तो क्लब काढला, ही चूक मात्र त्याचीच होती, आणि तू खेळतेस म्हणून हे मुद्दाम लिहितो.

१९४७ साली सेंट लुईसला त्याने शेवटच्या होलवर सुमारे १८ फुटांचा पट घालून बरोबरी साधली. दुसऱ्या दिवशी बरोबरी मोडण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये शेवटच्या ग्रीनवर स्नीड आणि त्याचा प्रतिस्पर्धी लू वर्शम पुन्हा बरोबरीत होते. स्नीड पट मारण्यासाठी चेंडूवर वाकला असताना वर्शमने त्याला थांबवले आणि कोणाचा चेंडू होलपासून लांब आहे ते मोजण्याची मागणी केली, कारण ज्याचा लांब तो आधी मारतो. टेप आणली गेली. स्नीडचा चेंडू साडेतीस इंचांवर होता, वर्शमचा साडेएकोणतीस. स्नीडनेच आधी मारायचे ठरले, त्याचा पट चुकला आणि वर्शमचा गेला. एका इंचाच्या त्या मोजणीविषयी वाचले की आजही माझ्या पोटात कालवते.

परंतु तुझ्या प्रश्नात एक गोष्ट सुटली, ती वर्षांच्या क्रमात आहे. त्याने जिंकलेल्या सातही प्रमुख स्पर्धा त्या आठ फटक्यांच्या नंतरच्या आहेत, आणि त्यांपैकी पाच त्या चुकलेल्या पटाच्याही नंतरच्या: १९४९, १९५२ आणि १९५४ ची मास्टर्स, १९४९ आणि १९५१ ची पीजीए. यूएस ओपनमध्ये तो एकूण चार वेळा दुसरा आला, त्यांतल्या दोन वेळा १९४७ नंतरच्या आहेत, म्हणजे जिथे हात पोळला त्या दारी तो जातच राहिला.

वय वाढले तसे पटिंगच्या वेळी त्याच्या हातांना झटका येऊ लागला. तुला आठवत असेल, माझ्या मनगटालाही तेच होते आणि मी दोन वर्षे क्लब कपाटात ठेवून दिले होते. स्नीडने दोन पायांमधून, क्रोके खेळल्यासारखे पट मारायला सुरुवात केली. १९६८ साली त्यावर बंदी आली, तेव्हा दोन्ही पाय रेषेच्या एकाच बाजूला घेऊन, होलकडे तोंड करून तो मारू लागला. त्याच पद्धतीने १९७४ च्या पीजीए स्पर्धेत, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो संयुक्त तिसरा आला, आणि १९७९ साली, ६७ वर्षांचा असताना, क्वाड सिटीजमधील स्पर्धेत त्याने एका फेरीत ६७ आणि शेवटच्या फेरीत ६६ फटके घेतले. ग्रीन्सबरोची स्पर्धा त्याने पहिल्यांदा १९३८ साली जिंकली होती आणि आठव्यांदा १९६५ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी. टूरवर इतक्या वयात आजवर कोणी जिंकलेले नाही.

दिवाळीला येशील तेव्हा त्याच्या स्विंगचे जुने चित्रण आपण दोघे बसून पाहू. त्या वेळी तू त्याच्या हातांकडे पाहू नकोस. क्लब खाली यायला लागतो त्या क्षणी त्याचे गुडघे एकमेकांपासून दूर जातात आणि तो स्टुलावर टेकायला निघाल्यासारखा किंचित खाली बसतो, तेवढेच पाहा.

तुझे,
बाबा