उबुंटूतला ‘आम्ही’ नेमका कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उबुंटूवरचा, म्हणजे माणूस इतरांमुळेच माणूस होतो या आफ्रिकेतल्या विचारावरचा लेख वाचला, विषय घेतलात त्याबद्दल आभार, पण लेखात तो विचार फारच गोडगोड झालाय असं वाटलं म्हणून लिहितोय.

केनियाचे अँग्लिकन धर्मगुरू जॉन म्बिटी यांनी १९६९ मध्ये मांडलं की आफ्रिकेतला माणूस ‘आम्ही आहोत म्हणून मी आहे’ असा जगतो, आणि त्या ‘आम्ही’त नुसते जिवंत लोक नाहीत, गेलेले पूर्वजही आहेत, अजून जन्माला न आलेली पोरंही आहेत. अशा माणसाला बऱ्याच मिशनऱ्यांनी सांगितलं की तू एकटा पापी, तारण पण तुझं एकट्याचं, आणि बाप्तिस्म्याबरोबर घरचे विधी, पूर्वज सगळं सोडायला लावलं. खरं तर संत पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा एक शरीर आणि अनेक अवयव हेच सांगतो ना? म्हणून टांझानियाचे फादर चार्ल्स न्यामिटी ख्रिस्तालाच पूर्वज म्हणून पाहायला लागले, आणि व्हॅटिकनने १९८८ मध्ये झाईरसाठी (आताचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) जो मिस्साविधी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा विधी, मंजूर केला त्यात संतांच्या बरोबरीने सदाचारी पूर्वजांनाही हाक मारतात. मला एक ख्रिस्ती म्हणून हे फार जवळचं वाटतं, कारण आपल्याकडेही श्रद्धा म्हणजे मी आणि माझा देव एवढ्यावरच येऊन थांबायला लागलीये.

पण हा ‘आम्ही’ कुठे संपतो हे लेखात कुठेच आलं नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. एप्रिल १९९४ मध्ये रोममध्ये आफ्रिकेतल्या बिशपांची सिनड, म्हणजे धर्मपरिषद, भरली होती आणि तिथे चर्च म्हणजे देवाचं कुटुंब ही कल्पना मध्यभागी होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत रवांडात, जिथे बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते, वंशसंहार चालू होता, तुत्सी जमातीची माणसं हुतू हल्लेखोरांपासून जीव वाचवायला चर्चमध्ये शिरत होती आणि तिथेच मारली जात होती, न्यामाटाला, न्टारामाला, हजारोंनी. मारणारे बाप्तिस्मा घेतलेले, मरणारेही बाप्तिस्मा घेतलेले. पुढे एका धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय लवादाने जन्मठेप दिली आणि २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. तेव्हा ‘आम्ही’ म्हणणं पुरत नाही, माझ्या जातीजमातीबाहेरचा त्या ‘आम्ही’त बसतो का ते बघावं लागतं. ख्रिस्ताने खरा शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्या यहुद्यांना परका वाटणारा माणूसच का निवडला ते इथे कळतं, आणि ख्रिस्ती श्रद्धेने आफ्रिकेच्या विचाराला काही द्यायचं असेल तर ते हेच.

दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी ते करून दाखवायचा प्रयत्न केला. १९९६ पासून, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी नेमलेल्या आणि टुटू अध्यक्ष असलेल्या सत्य आणि समेट आयोगापुढे छळ करणारे आणि छळ सोसलेले दोघंही आले, कारण टुटूंच्या लेखी छळ करणाऱ्याचं माणूसपणही त्यात मोडलेलं होतं. लेखात हे छान आलंय, पण पुढचं नाही आलं. गुन्हे कबूल करणाऱ्या अनेकांना माफी लवकर मिळाली, पीडितांची भरपाई मात्र रखडली, आणि शेवटी २००३ मध्ये सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड जाहीर केले, आयोगाने सुचवलं होतं त्याहून खूप कमी. टुटू स्वतः त्यावर उघड नाराज होते. शरीराचा एक अवयव दुखत असताना बाकीच्यांनी समेट झाला म्हणणं हे पौलाच्या शिकवणीत बसत नाही असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. घानाच्या मर्सी अम्बा ओडुयोये यांनी १९८९ मध्ये आफ्रिकन स्त्री धर्मअभ्यासकांचं मंडळ उभं केलं, आणि त्या वर्षानुवर्षं विचारतायत की समाजासाठी सोसायची पाळी दरवेळी बाईवरच का येते, विधवेला छळणाऱ्या रूढी समाजाच्या नावाने का चालतात. त्या आफ्रिकेचा सामूहिक विचार टाकून देत नाहीत, त्यात बाईला पूर्ण माणूस म्हणून जागा मागतात. पुढच्या एखाद्या अंकात त्यांच्यावर सविस्तर लेख द्यावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वसई