‘हरित’ संगणक दुरुस्त होणारा हवा

पर्यावरणस्नेही संगणकनिर्मितीचे स्वागत करणारा लेख वाचला. सुटे भाग जोडणारा शिसेविरहित डाख (सोल्डर), पुनर्वापरातले प्लॅस्टिक ही प्रगती खरीच. पण टिकाऊपणाचा मुद्दा लेखात राहून गेला. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो पहिल्यांदा सुरू होण्याआधी, निर्मितीतच झालेला असतो; म्हणून तो जितकी जास्त वर्षे वापरता येईल तितके बरे. तरीही अनेक लॅपटॉपमध्ये रॅम (तात्पुरती स्मृती) मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, पक्की डाखलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली! माझा सहा वर्षे उत्तम चाललेला लॅपटॉप केवळ फुगलेली बॅटरी सुटी निघेना म्हणून भंगारात गेला, याची हळहळ अजून वाटते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला; त्यापैकी जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्चक्रीकरणाची नोंद आहे. चार स्क्रू काढून बॅटरी बदलता येत नसेल, तर त्या यंत्राला ‘हरित’ प्रमाणपत्र देऊच नये.