आधी सूची, मग स्कॅनर : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : स्थानिक इतिहास मंडळांच्या अनुदानाचा क्रम बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

तालुक्या-गावातल्या इतिहास मंडळांना मदत करायची म्हटली की पहिली तरतूद स्कॅनरची होते. हा क्रम उलटा करावा आणि पहिला पैसा मोडी वाचून सूची करणाऱ्या माणसाला द्यावा, ही आमची मागणी आहे.

जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरची पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरे खाली येतात, बहुधा रुमालात बांधलेली. रुमाल सोडल्याबरोबर पहिली चूक होते. उत्साही कार्यकर्ते मोठे कागद एकीकडे, छोटे दुसरीकडे असे लावून मोकळे होतात. पण त्या रुमालात वतनाच्या एकाच तंट्याचा महजर (सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद), त्यावरची पत्रे आणि भरणा केल्याच्या पावत्या एकमेकांना लागून असतात. तिथी नसलेल्या पत्राचा काळ शेजारच्या कागदावरून ठरतो. क्रम मोडला की तो पुरावा कायमचा जातो. म्हणून कागद हलवण्याआधी रुमाल, पुडके आणि कागद असा तिहेरी क्रमांक प्रत्येकाच्या कोपऱ्यावर मऊ शिसपेन्सिलीने घालायला हवा. बॉलपेन तिथे फिरकूही देऊ नये.

सूचीला जाणकार माणूस का लागतो, ते एका ओळीवरून सांगतो. पत्रात ‘छ ५ रबिलाखर, सुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ’ असे असले तर ‘छ ५ रबिलाखर’ ही हिजरी चांद्र महिन्याची पाचवी तारीख, आणि सनाचे अंक अरबी शब्दांत आहेत : दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. सुहूर हा मराठी दप्तरांत चालणारा सन, तो मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ मिळवायचे, नव्या इसवी सनात शिरलेल्या महिन्यांना ६००. पत्र जुलै १७७१चे, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतले ठरते. हाच आकडा हिजरी समजला तर तेच पत्र डिसेंबर १७५८चे होते आणि पानिपताच्या अलीकडचा कागद पलीकडे जाऊन बसतो. यंत्राने काढलेल्या चित्राला यातले काहीच कळत नाही. नुसता अनुक्रमांक टाकलेली हजारो चित्रे डिस्कवर पडून राहतात. ती उघडणाऱ्याला आत काय आहे ते सांगता येत नाही.

कागदाची पाठही तितकीच महत्त्वाची. लांब निवाडपत्र बंदाला बंद, म्हणजे कागदाच्या तावाला ताव, डकवून केलेले असते आणि जोडावर पाठीमागे शिक्का असतो. मधला बंद बदललेला नाही, याची ती खूण. दफ्तरी नोंदीही पुष्कळदा पाठीवरच असतात. फक्त पुढची बाजू टिपून ‘काम पूर्ण’ असा दाखला दिला जातो, तेव्हा निम्मा पुरावा बाहेर राहिलेला असतो.

जतनात खरी हानी वाळवीइतकीच प्रेमाने केलेल्या दुरुस्तीने होते. फाटलेल्या जागी लावलेल्या चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि सुटत नाही. उष्णतेने प्लॅस्टिक चढवलेला कागद पुन्हा मोकळा करणे जवळजवळ अशक्य असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे त्याच्यावर असते. बोरूने लिहिलेली काजळाची शाई उन्हाने सहसा विटत नाही, पण तिला धरून ठेवणारा डिंक पाण्याने सुटतो. ओल्या फडक्याने धूळ पुसली की अक्षरेही पुसली जातात. मऊ कोरडा ब्रश पुरतो. फाटलेल्या कागदाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ लावावी, कारण ती पुढे पाण्याने सोडवता येते. तेही शिकलेल्या हातानेच. रुमालासाठी नवे कापड घेतले तर आधी धुऊन त्याची खळ काढावी, नाहीतर तीच कसरीला बोलावणे धाडते. भिजलेली दप्तरे दोन दिवसांत वाळायला लागली नाहीत तर बुरशी सुरू झालीच म्हणून समजा.

या पायऱ्यांनंतर स्कॅनर जरूर द्या. पण ए-४ आकाराचे एक रंगीत पान ४०० डीपीआयने (इंचाला ४०० ठिपके), न दाबलेल्या टिफ प्रकारच्या फाइलमध्ये घेतले तर सुमारे ४६ एमबी होते. दहा हजार पानांना जवळपास ४६० जीबी. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. डिस्क दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि प्रती शाबूत आहेत का, हे दरवर्षी तपासावे लागते. एकरकमी अनुदानात या पुढच्या वर्षांना जागाच नसते.

कायद्यातही या कागदांना घर नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ सरकारी अभिलेखांसाठी आहे. २००३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची जी व्याख्या केली, तिच्यात फर्माने आणि महसुली कागद धरलेले नाहीत. घराण्यांकडची दप्तरे, म्हणजे ज्यातून गावचा इतिहास लिहिला जातो तेच कागद, दोन्हींच्या मधल्या फटीत पडतात.

तेव्हा अनुदानाच्या आदेशात एवढे घालावे. पहिल्या हप्त्यात फक्त सूची : क्रमांक, तिथी मूळ शब्दांत आणि इसवी सनात, कोणी कोणाला लिहिले, विषय, गावांची नावे, शिक्के, कागदाची अवस्था. तिची तपासणी पुराभिलेख संचालनालयाने करावी आणि मगच यंत्राचा हप्ता सुटावा. मोडी वाचकाला मानधन रुमालावर नव्हे, नोंदीवर द्यावे, कारण एका रुमालात किती कागद निघतील ते आधी कळत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी जाणणाऱ्यांची गरज एकाएकी भासली. थोड्या दिवसांच्या वर्गातून अक्षरओळख होते, घसटलेले हस्ताक्षर वाचायला पुढे दीड-दोन वर्षे जाणत्याच्या शेजारी बसावे लागते. ही उमेदवारी पगारी करावी. प्रत्येक मंडळाला दुरुस्तीची खोली परवडणार नाही. जिल्ह्याला एक, प्रशिक्षित माणसासह, पुरेल.

शिवाय दप्तर देणाऱ्या घराशी करण्याच्या कराराचा एक सोपा नमुना शासनाने काढावा. मालकी कोणाची, मूळ कागद परत जाणार की राहणार, प्रती कोणाला दाखवायच्या, चालू जमिनीच्या वादातले कागद किती वर्षे बंद ठेवायचे, हे त्यात स्पष्ट असावे. आज बहुतेक कागद तोंडी शब्दावर येतात आणि पुढच्या पिढीतला वारस ते मागायला आला की मंडळाजवळ दाखवायला साधी पोचही नसते.

आपले,
स्थानिक इतिहास मंडळांतील कार्यकर्ते