जुना ट्रॅक्टर घेतोयस ना, मग हे सगळं वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि खरंच मनापासून आनंद झाला रे, शेती स्वतःच करायची असं ठरवलंस आणि जुना ट्रॅक्टरही बघून ठेवलास. तू फोनवर विचारलं होतंस की पेरणी झाली, काढणी झाली, मग मधल्या दिवसांत तू करतोस काय. तेव्हा मी घाईत होतो, नीट बोलणं झालं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

मधले दिवस अवजारांचे असतात. कारण कसंय, जमिनीला वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल, येतो तो फार थोडे दिवस टिकतो. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुगा झाला तर वाफसा आहे, चिकट राहिली तर अजून थांब. ओल्यात नांगर घातलास की मोठी ढेकळं निघतात, खाली थर कडक होतो, मग मुळं आत जायला तयार नाहीत. उशीर केलास तर ओल उडून जाते. म्हणजे आपल्या हातात येतात मोजकेच दिवस, आणि नेमक्या त्याच दिवसांत बेअरिंग गेलं तर पार्ट शोधण्यात अख्खा वाफसा निघून जातो. म्हणून मी शेतात काम नसतं तेव्हाच सगळं उघडून बसतो, आणि मला ते काम मनापासून आवडतं, अगदी पेरणीइतकंच.

रोटाव्हेटरचंच घे, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरमागचं अवजार. काम संपलं की लोक पाणी मारतात आणि शेडमध्ये ढकलतात. तू तसं करू नकोस. ट्रॅक्टर बंद कर, चावी खिशात ठेव, खाली पक्का टेकू दे आणि रोटरच्या दोन्ही टोकांना बघ. तिथे गवत, सुतळी, कधी तारेचा तुकडा असा काही घट्ट गुंडाळलेला असतो की हाताने निघत नाही, कोयत्याच्या टोकाने कापून कापून काढावा लागतो. हा गुंता हळूहळू ऑइल सील, म्हणजे ऑइल आत आणि माती बाहेर ठेवणारी कडी, खातो, मग बाहेरच्या बाजूला काळपट ओला डाग दिसायला लागतो, त्यावर माती चिकटते. बस, तिथून ऑइल बाहेर आणि माती आत, पुढे बेअरिंगचा खुळखुळाट झालाच म्हणून समज. सील साधी वस्तू आहे पण ती वाचली की बरंच काही वाचतं. पात्यांचे बोल्टही तेव्हाच आवळायचे, आणि पाती बदलताना डावी उजवी बघून जुन्याच क्रमाने लावायची, क्रम चुकला तर मशीन थरथरतं आणि ती थरथर थेट गिअरबॉक्सपर्यंत जाते.

आणि हो, शिअर बोल्ट. ज्या अवजाराला तो असतो तिथे तो तुटण्यासाठीच दिलेला असतो, दगड लागला की आधी त्याने तुटायचं आणि पुढचा गिअर वाचवायचा. पण सारखा तुटतो म्हणून लोक तिथे कडक बोल्ट ठोकतात, मला हे बघवत नाही. जसा दिलाय तसाच, त्याच ग्रेडचा लाव आणि चार जास्तीचे टूलबॉक्समध्ये टाकून ठेव.

आता ट्रॅक्टर. पुस्तिका मिळाली तर आधी ती ताब्यात घे. इंजिन ऑइल बऱ्याच ट्रॅक्टरला २५० तासांच्या आसपास बदलायचं असतं, पण तुझ्या मॉडेलला जे लिहिलंय तेच पाळ, आणि बदलताना इंजिन थोडं चालवून गरम झाल्यावर काढ म्हणजे गाळ पण सोबत निघतो, फक्त हात भाजून घेऊ नकोस. धुळीच्या कामात एअर क्लीनर रोज बघायचा. ऑइलवाला असेल तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच भर, जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. कोरड्या फिल्टरवाला असेल तर हवा आतून बाहेर मारायची, आणि आतला छोटा फिल्टर असतो तो साफ करत बसायचं नाही, सरळ बदलायचा. डिझेल संध्याकाळीच भरून ठेव, टाकी रिकामी राहिली की रात्री गारव्याने आत पाणी धरतं. आणि कधी हवा धरून इंजिन बंद पडलंच तर घाबरू नकोस, डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल कर, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळ. हे तुला स्वतःला यायलाच हवं.

पेरणी यंत्रातून किती बियाणं पडतं त्याचं माप तर दर वेळी बियाणं बदललं की नव्याने घ्यायचं, मागच्या वेळी खाच इथे होती म्हणून आताही तिथेच असं चालत नाही, कारण दाण्याचा आकार बदलतो. सोपं आहे. यंत्राची रुंदी २ मीटर आणि चाकाचा घेर २ मीटर धर, म्हणजे एका फेऱ्याला ४ चौरस मीटर, २५ फेऱ्यांना १०० चौरस मीटर. चाक उचलून तेवढे फेरे फिरव, प्रत्येक नळीखाली पिशवी बांध. सगळं मिळून ६०० ग्रॅम पडलं तर हेक्टरी ६० किलो होतं. पण पिशव्या वेगवेगळ्या तोलायच्या बरं का, एक नळी कमी टाकत असेल तर ती ओळ उगवल्यावर तुला अख्खा हंगाम दिसत राहील. शेतात चाक थोडं घसरतं, म्हणून पहिल्या तासाला मागे उतरून माती उकरून पण बघ.

फवारणीच्या नोझलला पण तेच, एक मिनिट मापात पाणी धर, नव्यापेक्षा १० टक्के जास्त यायला लागलं की बदलून टाक. चोंदलं तर ब्रश वापर, तार घालू नकोस.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो म्हणजे सेकंदाला ९ फेरे, सैल बाही किंवा गमछा अडकला तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं कव्हर तुटलं असेल तर नवीन लावल्याशिवाय वापरू नकोस, आणि चालू शाफ्ट ओलांडायचा नाही, कितीही घाई असू दे. कामावर येणाऱ्यांनाही हे पहिल्याच दिवशी सांग, लाजू नकोस.

ट्रॅक्टर बघायला जाशील तेव्हा मालकाला आधीच सांग की चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लाव, गार हवं. गार इंजिन कसं स्टार्ट होतं तेच खरं बघायचंय. धूर निळसर येत राहिला तर ऑइल जळतंय, ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ फेस दिसला तर आत पाणी जातंय, दोन्ही असलं तर तिथूनच परत ये. मागे जड अवजार जोडून लिफ्ट वर कर, इंजिन बंद कर आणि गप्पा मारत थांब, खाली बसत गेली तर हायड्रॉलिकचं काम निघणार. पुढची चाकं जॅकवर घेऊन हलवून बघ. चालू इंजिनच्या आवाजाचा व्हिडिओ काढून मला पाठव, शक्यतो बॉनेट उघडं ठेवून, आणि माझा फोन आल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.

तुझाच
जुना दोस्त