ताई, आमची बॅग भरून दिल्याबद्दल

ताई,

प्रवासाहून आलो, कपडे धुऊन झाले, बॅगा माळ्यावर गेल्या, तरी घरात तुमचा विषय काही संपत नाहीये. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही 'अगं त्यात काय एवढं' म्हणता आणि दुसरंच काहीतरी काढता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते.

आधी थोडा राग काढून घेते. ज्या ट्रॅव्हलवाल्यांकडे बुकिंग केलं होतं त्यांनी काय काय घ्यायचं त्याची यादी पाठवली, त्यात लोकरीची टोपी होती. विषुववृत्ताजवळच्या देशात, जिथे रात्रीसुद्धा अंगाला घाम असतो, तिथे लोकरीची टोपी! बहुतेक सगळ्या देशांना एकच यादी जात असावी. आईच्या इन्सुलिनचं विचारलं तर 'मॅडम, सगळे नेतात, टेन्शन घेऊ नका.' दुकानात गेलो तर घोट्याच्या वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट पुढे केले, आणि औषधासाठी ते पाण्यात भिजवून वापरायचं थंड पाऊच. आणि ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती, आई समोर बसलेली असायची आणि बोलायचे सगळे माझ्याशी. 'यांना चालवतं का?' 'यांना उन्हाचा त्रास होतो का?' अरे, त्या बसल्यात ना समोर, त्यांना विचारा की. आई घरी येऊन म्हणाली, तू एकटीच जाऊन ये, माझं कशाला लोढणं. ते वाक्य मला अजून टोचतं.

आणि मग तुम्ही आलात. इतकी वर्षं तशाच दमट देशात नर्सिंग केलेल्या बाईला सांगण्यासारखं किती असेल, पण तुम्ही बॅगेकडे बघितलंसुद्धा नाहीत. आईशेजारी बसलात आणि विचारलंत, "काकू, आंघोळ झाल्यावर चष्मा लगेच घालता का?"

आई म्हणाली, नाही, सगळं आवरून झाल्यावर घालते, आणि घाम असला की तो नाकावरून सारखा घसरतो. तुम्ही मान हलवलीत, उठून स्वयंपाकघरातून रबरबँड मागून आणलेत, आणि सनस्क्रीनच्या बाटलीला एक रबर आणि डासांच्या लोशनच्या बाटलीला दोन रबर घट्ट गुंडाळलेत. मग आईचा हात धरून दोन्ही बाटल्यांवरून फिरवलात. "एक म्हणजे आधी, दोन म्हणजे नंतर. पहिलं वाळू द्यायचं, मग दुसरं. डोळे मिटून करता आलं पाहिजे." आईने खरंच डोळे मिटून करून दाखवलं आणि हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली ती.

ताई, हे तुम्हाला फार छोटं वाटेल. पण तिथे रोज सकाळी आईने ते स्वतःचं स्वतः केलं, मला एकदाही हाक मारावी लागली नाही. आपण कुणावर ओझं नाही हे तिला त्या रबरांनी सांगितलं, मी शंभर वेळा सांगून पटत नव्हतं. आणि का करायचं तेही तुम्ही तिलाच समजावलंत, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त संध्याकाळी लावून भागत नाही, सनस्क्रीन दर २ तासांनी परत लावायचं पण डासांचं लोशन तितक्या वेळा नाही, म्हणून दोन्ही एकत्र असलेली ट्यूब नको. आईने हे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ऐकवलं, तेही अगदी तुमच्या आवाजात!

बाकीचं तर काय काय आठवू. ते थंड पाऊच तुम्ही बाजूला काढलंत, त्यातलं पाणी वाळतं तेव्हा ते गार होतं आणि दमट हवेत पाणी वाळतच नाही नीट, घामाचं पण तेच, घाम येत राहतो पण वाळत नाही म्हणून अंग गार होत नाही, हे इतकं सोपं करून आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. इन्सुलिन थर्मल बॅगेत, जेल पॅकला चिकटणार नाही असं कपड्यात गुंडाळून, कारण गोठलं तरी ते वाया जातं, आणि विमानात हातातल्या बॅगेत, सामानात टाकायचं नाही. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन त्याच कप्प्यात. जीन्स सगळ्या बाहेर काढल्यात. मला वाटायचं सुती म्हणजे उत्तम, पण जाड सुती कपडा तिकडे एकदा भिजला की वाळायचं नाव घेत नाही, पातळ आणि सैल पाहिजे, रात्री धुतलेलं सकाळी घालता आलं पाहिजे. धुतलेला कुर्ता कोरड्या टॉवेलवर पसरायचा, दोन्हीची मिळून वळकटी करायची आणि वर गुडघा ठेवून दाबायचं, हे तुम्ही जमिनीवर बसून करून दाखवलंत. टॉवेल ओला होतो, कुर्ता जवळजवळ कोरडा निघतो. आम्ही रोज रात्री हेच केलं.

बूट मात्र तुम्ही हातात घेऊन बराच वेळ बघत होतात. मग आईला म्हणालात, "काकू, यात पाणी बाहेरून येणार नाही, पण घाम आतून जाणार पण नाही. तुम्हाला शुगर आहे, बोटांच्या बेचक्या ओल्या राहून चालणार नाहीत." आणि तिचे रोजचे, पायाला सवयीचे झालेले, मागे पट्टा असलेले सँडल पिशवीत घातलेत. नवीन काहीही पायात नको, अनवाणी अजिबात नको, रात्री बेचक्या कोरड्या करून पाय नीट बघायचे. आईच्या पायाला साधा फोडसुद्धा आला नाही ताई. ग्रुपमधल्या नवे बूट घेतलेल्या एका काकांचे शेवटचे दिवस हॉटेलच्या खोलीत गेले, फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी. त्यांना पण कुणीतरी असं बसून विचारायला हवं होतं.

एक पातळ स्टोल पण घातला होतात, तेव्हा मी म्हटलं होतं एवढ्या उकाड्यात कशाला. बसमधला एसी बघितल्यावर कळलं! आणि गार बसमधून उतरलं की चष्म्यावर धुकं धरतं हे माहीत असल्यासारखं तुम्ही पुसायचं फडकं आईच्या कुर्त्याच्या खिशातच ठेवलं होतंत, पर्समध्ये नाही.

मला सारखं वाटतं, माहिती तर सगळीकडे मिळते हल्ली. पण समोरचं माणूस बाथरूममध्ये चष्म्याशिवाय उभं राहून काय करेल इथपर्यंत जाऊन विचार करणारं कोण भेटतं? पैसे घेऊनही लोक तेवढं करत नाहीत, आणि तुम्ही कामावरून थकून आला होतात, चहासुद्धा अर्धाच घेतलात, आणि निघताना आईलाच नमस्कार करून 'मजा करून या' म्हणालात. अशी माणसं आहेत म्हणून म्हातारी माणसं घराबाहेर पडू शकतात. मोठ्या सोयी, रॅम्प, व्हीलचेअर सगळं हवंच, पण थेट त्यांच्याकडे बघून एक प्रश्न विचारायला तर काहीच लागत नाही.

आई पुढच्या ट्रिपचं बोलायला लागली आहे, ही त्याच बाईची गोष्ट आहे जी निघायच्या आधी नको म्हणत होती. मनापासून आभार ताई.

आणि एक विचारायचं होतं. माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई अशाच दमट देशात लेकीकडे निघाल्यात, त्यांना पण शुगर आहे आणि घाबरल्यात खूप. तुमचा नंबर दिला तर चालेल ना?